प्रकृतिस्वास्थ्यासाठी पाच परवाने

"माणसाचं चारित्र्य एकाच गोष्टीवरून कळतं, राजाराम. बारची पायरी तो चढला की नाही चढला, बस्स! सत्तेचाळीस वर्षांत मी चढलेलो नाही आणि मरेपर्यंत चढणार नाही."

हे उद्गार दशरथराव राऊळ यांनी एप्रिल महिन्यातल्या एका शनिवारी, भर दुपारी सव्वा वाजता काढले. त्या वेळी ते घाटकोपर पश्चिमेच्या 'सदाचार परमिट रूम'च्या दुसऱ्या पायरीवर उभे होते. एकूण पायऱ्या तीन होत्या.

"मग आता तिसरी चढ," राजाराम म्हणाला. "मागं लोक खोळंबलेत."

दशरथराव पंख्यांच्या कारखान्यात टाइमकीपर होते. नऊची पाळी म्हणजे नऊ, आणि नऊ वाजून एक मिनिट म्हणजे लाल शाई, असा त्यांचा खाक्या. असा माणूस भर उन्हात हिरव्या पडद्यासमोर उभा राहतो तेव्हा कारणही तसंच लागतं. कारण होतं त्यांची मुलगी मीरा. तिला बघायला त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता पंतनगरचे कांदळगावकर येणार होते. मुलगा सहदेव, टेलिफोन खात्यात कायम. याआधीच्या चार मुलांचे फोटो मीराने सरळ डोळ्यांनी बघून सरळ हातांनी परत केले होते. सहदेवचा फोटो मात्र तिने बघितला, मान खाली घातली आणि फोटो परत द्यायला विसरली.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण शुक्रवारी रात्री शेजारच्या शकुताई विरजण मागायला आल्या आणि जाता जाता उंबऱ्यावर थांबल्या.

"मुलगा चांगलाच आहे हो. पण मी आपली रिक्षातून येत होते ना, तर हा बारमधून बाहेर पडताना दिसला."

"कुठल्या बारमधून?" दशरथरावांनी विचारलं.

"ते नाही हं सांगता येणार. हिरवा पडदा होता."

घाटकोपर स्टेशनापासून भटवाडीपर्यंत हिरवा पडदा नसलेला बार अजून कुणी पाहिलेला नव्हता. शकुताई विरजण घेऊन गेल्या. दशरथरावांची झोपही त्या बरोबर घेऊन गेल्या.

ऐकीव गोष्टीवरून ठरलेला कार्यक्रम मोडावा तर मुलीचं नाव खराब. न मोडावा तर मुलगी दारुड्याच्या घरात. उरली ती चौकशी, आणि चौकशी करायला वेळ होता तो शनिवारी एकला कारखाना सुटल्यापासून सहापर्यंत. म्हणून त्यांनी कारखान्यातले दोन मित्र बरोबर घेतले. राजाराम फिटर, ह्याला घाटकोपरचे सगळे बार माहीत होते. बाळा पेंटर, ह्याला सगळे बार ओळखत होते.

आत अंधार होता. दशरथरावांनी डायरीतून सहदेवचा फोटो काढला आणि वेटरसमोर धरला.

"हा मुलगा इथं येतो का?"

वेटरने फोटोकडे बघितलंच नाही. "पैले ऑर्डर."

"मी पीत नाही."

"मग उन्हात उभं ऱ्हावा ना, फुकट आहे."

राजारामने घाईघाईने एक बिअर आणि एक लिंबूसोडा सांगितला. बिअर बाळासाठी. कुणीतरी प्यायल्याशिवाय टेबल मिळत नाही, आणि हा त्याग बाळाने आपणहून स्वीकारला होता. ऑर्डर आली, तसा दशरथरावांनी पुन्हा फोटो पुढे केला.

"सायेब," वेटर म्हणाला, "हितं कोण येतं ते आमी कुणाच्या बायकोला पन सांगत नाय. बायकोला तर नायच नाय."

आता खरं म्हणजे उठायचं. पण दशरथरावांची नजर भिंतीवरच्या पाटीकडे गेली. परवान्याशिवाय मद्यप्राशन करणे हा गुन्हा आहे, असं तिथे लिहिलं होतं. पाटीवर धुळीचा थर होता आणि वर एक पाल होती. पण नियम तो नियम. ते उठून गल्ल्यावर गेले.

"परवाना द्या."

मॅनेजरने मान वर केली. "काय?"

"एक दिवसाचा परवाना. परमिट रूममध्ये बसलोय, परमिट नको?"

"पन तुमी सोडा पिताय!"

"मी काय पितो हा माझा प्रश्न. कुठं बसलोय हा कायद्याचा."

मॅनेजरने खालचे तीन खण उपसले. चौथ्यात परवान्यांचं पुस्तक सापडलं. त्याचा एक कोपरा उंदराने खाल्ला होता. मॅनेजरची खात्री झाली की हा माणूस एकतर वेडा आहे किंवा वरून आलेला आहे, आणि दोन्हींशी वाद घालू नये. त्याने नाव, वय, पत्ता, तारीख सगळं इंग्रजीत लिहून सही-शिक्क्यासह कागद दिला. कारणाच्या जागी छापलेलंच होतं, की सदर इसमास हा परवाना प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी देण्यात येत आहे.

दशरथरावांनी तो वाचला, समाधानाने घडी घातली आणि खिशात ठेवला.

"अरे, हा पुरावा आहे पुरावा," राजाराम कुजबुजला. "आमच्यासारखे रोज येतात नि कुठं नाव लागत नाही. तू एकदाच आलास नि नाव-पत्ता लिहून दिलास!"

"चोरून काम करणाऱ्याने नाव लपवावं," दशरथराव म्हणाले.

दुसरा बार 'सुप्रभात'. तिथे वेटरने फोटो बघितला, पण हळहळून. "पोरगं पळालं का काका? पेपरात द्या." दशरथरावांनी सोडा घेतला, परवाना घेतला. निघताना त्यांना कोपऱ्यातल्या टेबलावर एक गृहस्थ दिसले. पांढरी टोपी, मांडीवर काळी छत्री, समोर बिअर. बिअरकडे ते औषधाकडे बघावं तसे बघत होते, आणि मधून मधून दशरथरावांकडेही तसेच.

तिसऱ्या बारचं नाव 'हॉटेल पवित्र'. बाळाची तिसरी बाटली निम्मी झाली होती आणि त्याला आता सगळ्या जगाचं बरं वाटत होतं. तो खुर्चीवरून उठला.

"मंडळी! हा आपला दशरथ. ह्याच्या पोरीला आज बघायला येणारेत!"

चार टेबलांवरून टाळ्या पडल्या. "अभिनंदन काका! लग्न कवा?" "पत्रिका द्या बरं का!"

"बाळा, खाली बस," दशरथराव दातांतल्या दातांत म्हणाले. आणि बसत असताना बाळाचा हात बाटलीला लागला, ती आडवी झाली आणि उरलेली बिअर दशरथरावांच्या शर्टावर, बरोब्बर खिशापासून पोटापर्यंत सांडली. परवाने थोडक्यात वाचले.

शर्ट पुसता पुसता त्यांनी वर बघितलं. दाराजवळच्या टेबलावर पांढरी टोपी, काळी छत्री, नवी बिअर.

"राजाराम," ते म्हणाले, "तो माणूस मघाशीही होता."

राजारामने हळूच मान वळवली आणि त्याचा चेहरा उतरला. "वाट लागली. एक्साइजचा आहे."

"कशावरून?"

"एप्रिलात छत्री कोण घेतं? नि बिअर बघ, घोट घेतोय नि तोंड वाकडं करतोय. सरकारी ड्यूटीवर पितोय तो. तू ते परमिट-परमिट केलंस ना, कुणीतरी वर कळवलं असणार की ह्या भागात एक संशयास्पद इसम परमिट मागत फिरतोय."

"पण माझ्याकडे परवाने आहेत!"

"एका दिवसात तीन-तीन! एवढी कसली प्रकृती रे तुझी? चौकीवर घेऊन बसवलं ना, तर सहाच्या आत सोडत नाहीत."

दशरथरावांना घड्याळ बघायची गरज नसे; वेळ त्यांच्या अंगात होती. चार वाजून दहा मिनिटं. दोन तासांनी दारात पाहुणे आणि मुलीचा बाप चौकीत, हे चित्र डोळ्यांसमोर आलं. तिघे उठले, बाहेर पडले, रस्ता ओलांडून समोरच्या गल्लीत शिरले. मागे वळून बघितलं तर छत्रीही रस्ता ओलांडत होती. जरा तिरकी ओलांडत होती, पण ओलांडत होती.

"आत शिर!" राजाराम म्हणाला आणि त्याने दोघांना पहिल्या दिसलेल्या हिरव्या पडद्यामागे ढकललं.

हा चौथा बार. आता इतका वेळ बार शोधून बाहेर पडणारे हे लोक बाहेरच्या माणसापासून वाचायला बारमध्ये शिरले होते, आणि परिस्थितीतला हा फरक दशरथरावांच्या लक्षात आला. मात्र गल्ल्यावर थांबून चौथा परवाना त्यांनी घेतलाच. पाठीवर सरकार असताना विनापरवाना बसणं हा शुद्ध वेडेपणा झाला असता. परवान्यावर शिक्का पडतो आहे तोच पडदा हलला आणि छत्रीचं टोक आत आलं.

"भटारखान्यातून चला!"

तिघे स्वयंपाकघरात घुसले. तिथे एक उघडाबंब आचारी कढईत काहीतरी तळत होता. त्याच्या बाजूने अंग चोरून जाताना दशरथरावांची डायरी खाली पडली आणि फोटो नेमका आचाऱ्याच्या पायाशी गेला. त्याने तो उचलला आणि त्याचं तोंड फुललं.

"अरे, ह्यो तर आपला सायेब!"

दशरथराव मागे वळले. "तुम्ही ओळखता ह्याला?"

"वळखतो म्हंजे? बुदवार नि शनवार. सातच्या ठोक्याला. ह्याच मागच्या दारानं येतो, धा मिंटात परत."

"दहा मिनिटांत?"

"नीट मारत असेल, बिनपाण्याची," बाळा आदराने म्हणाला. "उभ्या उभ्या."

"किती दिवस येतोय?"

"हां, झाली की चार-पाच वर्सं. येकदम टायमाचा पक्का मानूस!"

आयुष्यभर ज्या गुणाचा दशरथरावांनी पुरस्कार केला तो असा समोर आला. आणखी काही विचारणार तोच मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला आणि राजारामने त्यांना मागच्या दाराच्या हिरव्या पडद्यातून बाहेर ओढलं. गटार ओलांडून, दोन वळणं घेऊन, ते पाचव्या बारमध्ये शिरले आणि तिथे सव्वापाचपर्यंत पडद्याच्या फटीतून रस्ता बघत बसून राहिले. पाचवा परवाना त्यांनी घेतला. त्यावरची स्वतःची सही त्यांना दुसऱ्याच कुणाची तरी वाटत होती.

"आता काय करणार?" राजारामने विचारलं.

"नाही म्हणून सांगणार. बारमध्ये पोर देणार नाही मी."

"आणि कसं कळलं म्हणून विचारलं तर?"

दशरथरावांनी खिशातले पाच परवाने चाचपले. मुलगा आठवड्यातून दोनदा एका बारमध्ये जातो हे सांगायला आपण एका दुपारी पाच बार फिरलो, हे कुणाला सांगणार?

घरी पोचायला साडेपाच झाले. वनमालाबाईंनी दार उघडलं, श्वास आत घेतला आणि तो तसाच धरला.

"अहो... हा वास?"

"बाळाच्या हातून सांडलं. शर्ट दे दुसरा, लवकर."

वनमालाबाईंनी ओला शर्ट घेतला, खिशातून घड्या घातलेले पाच कागद काढले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण शिक्का कळत होता.

"हे कसले कागद?"

दशरथराव आयुष्यात बायकोशी खोटं बोलले नव्हते. आजही ते बोलले नाहीत. "प्रकृतीसाठी आहेत," ते म्हणाले. "तसं छापलंय त्यावर."

"पाच?" वनमालाबाई मटकन खाली बसल्या. "पाच ठिकाणी दाखवलंत? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. बरोब्बर सहाला कडी वाजली.

प्रथम भाऊराव कांदळगावकर आत आले. उंच, धिप्पाड, कपाळाला गंध. भाऊरावांनी बारा वर्षांपूर्वी दारू सोडली होती आणि तेव्हापासून पंतनगरात त्यांच्यासमोर कुणी खोकल्याचं औषधही घेत नसे, अशी त्यांची ख्याती. मागून त्यांच्या सौभाग्यवती. त्यांच्या मागून सहदेव, फोटोपेक्षाही चांगला. आणि सगळ्यांत शेवटी, हळू, एकेक पाऊल नीट मोजून टाकत, पांढरी टोपी आणि काळी छत्री.

"हे सहदेवचे मामा, सीताराम," भाऊराव म्हणाले.

मामांनी दशरथरावांकडे बघितलं. दशरथरावांनी मामांकडे बघितलं. ज्याला त्याला कळलं की दुसऱ्याला कळलं.

"आपण... कुठं भेटलोय का?" मामांनी फार काळजीपूर्वक विचारलं. प्रत्येक शब्द ते जमिनीवर ठेवून मग पुढचा उचलत होते. तोंडात चार-पाच वेलदोडे असावेत.

"नाही," दशरथराव म्हणाले. "माझा चेहराच तसा आहे."

"माझाही," मामा म्हणाले आणि खुर्चीत बसले. बसताना छत्री घट्ट धरून ठेवली, जणू खोलीतली तेवढीच वस्तू स्थिर होती.

मीरा पोहे घेऊन आली. सहदेवने बशी घेतली आणि तिने बशी सोडायला जरा उशीर केला. भाऊरावांच्या सौभाग्यवतींनी शिवणकाम येतं का विचारलं. मीराने येतं म्हणून सांगितलं. सगळं जसं व्हायचं तसं होत होतं, आणि तीच दशरथरावांची अडचण होती. आता नाही कसं म्हणायचं? आणि हो तरी कसं म्हणायचं? त्यांनी चहाचा कप उचलला. कप बशीवर असा काही वाजायला लागला की सगळे बघायला लागले. अर्धा चहा बशीत आला.

"बरं वाटत नाही का?" भाऊरावांनी विचारलं. त्यांची नजर कपावरून दशरथरावांच्या चेहऱ्याकडे गेली आणि तिथेच राहिली. हात का थरथरतात, ह्याचा बारा वर्षांपूर्वीपर्यंतचा दांडगा अनुभव त्या नजरेत होता.

ती नजर वनमालाबाईंनी टिपली. नवऱ्याबद्दल पाहुण्यांचा भलताच समज होतो आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि हातचं स्थळ जाण्यापेक्षा खरं सांगितलेलं बरं असं त्यांनी ठरवलं.

"अहो, गैरसमज नका करून घेऊ. सुपारीचं खांड खात नाहीत हे कधी! प्रकृतीचं आहे. आज पाच ठिकाणी दाखवून आले, मला न सांगता. हे बघा, शिक्के आहेत ना!"

"वनमाला!" दशरथराव ओरडले. पण तोवर कागद भाऊरावांच्या हातात गेले होते.

भाऊरावांनी चष्मा लावला. पहिला कागद वाचला, मग दुसरा. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. सीताराममामा छताकडे बघत होते. तिसरा वाचून झाला. चौथ्याशी भाऊराव थबकले, त्यांनी तो दोनदा वाचला. मग पाचही कागदांच्या पूर्वीच्या घडीवर घड्या घालून ते उठले.

"राऊळसाहेब, जरा बाहेर येता?"

मीराचा चेहरा पांढरा पडला. सहदेव अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. दशरथराव भाऊरावांच्या मागोमाग बाहेर चाळीच्या गॅलरीत गेले. भाऊरावांनी दार ओढून घेतलं. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून दशरथरावांनीच तोंड फोडलं.

"मी दारू पीत नाही. पाच बारमध्ये गेलो, चार सोडे प्यायलो. का, ते ऐका. तुमचा मुलगा बुधवारी नि शनिवारी बारमध्ये जातो. मागच्या दारानं. चार वर्षं. मला खात्रीलायक कळलंय."

"जातो," भाऊराव म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे?"

"मीच धाडतंय त्याका."

भाऊरावांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा जिन्याकडे, आणि आवाज खाली आणला.

"बारा वर्सांपूर्वी गावच्या देवळात गाऱ्हाणा घातलंय. देवासमोर शबूद दिलंय. दारू पिऊचंय नाय, नि बारची पायरी चढूचंय नाय. दोन्ही पाळलंय. पण चकण्याचो विषयच तेव्हा निघूक नाय."

"चकणा?"

"तळलेलो सुको जवळो, कांदो घालून. तुमच्या त्या चौथ्या परवान्याच्या हाटेलातलो." भाऊरावांचे डोळे जरा ओलावले. "दारूची आठवणसुद्धा येत नाही हो. ह्याची येते. घरी करून बघितला हिने. नाही येत ती चव. तिकडे दिवसभर त्याच तेलात तळतात ना, आमच्या घरी रोज नवीन तेल! म्हणून पोराला धाडतो. हिला वाटतं तो व्यायामशाळेत जातो."

"म्हणजे सहदेव पीत नाही?"

"थेंब नाही. तुमच्याबद्दलही सीतारामने आत्ता जिन्यात सांगितलं मला. चौकशीला तुमच्या कारखान्यापाशी गेला होता, तिथून तुमच्या मागे लागला. बिचाऱ्याला सवय नाही, प्रत्येक ठिकाणी ऑर्डर द्यायला लागली. पण म्हणाला, भावोजी, माणूस लाखात एक. बाजूला मित्र पितोय आणि हा एकाही बारमध्ये सोड्याच्या पुढे गेला नाही. असं घर सोडू नका."

दशरथरावांच्या छातीवरून दुपारपासूनचा दगड उतरला. त्यांना एकदम भूक लागली, घाम आला, आणि समोरच्या ह्या धिप्पाड माणसाला मिठी मारावीशी वाटली.

"म्हणजे... मुलगी पसंत?"

"पसंतच हो! हिने तर पोहे खातानाच मला खूण केली. आठ दिवसांनी कळवायची पद्धत आहे, तेव्हा आठ दिवसांनी कळवतो." भाऊराव घुटमळले. परवाने त्यांनी दशरथरावांच्या हातात ठेवले, पण हात लगेच सोडला नाही. "फक्त एक अडचण आहे. लग्न ठरलेल्या मुलाला आता तिकडे पाठवणं बरं दिसत नाही. कुणी पुन्हा बघितलं तर? सीताराम आज असा झालाय, त्याला पुन्हा धाडण्यात अर्थ नाही. आणि तुम्हाला तर आता मागचं दारही ठाऊक आहे."

दशरथरावांनी परवाने नव्या शर्टाच्या खिशात घातले.

"आज शनिवार," भाऊराव म्हणाले. "सातला ताजा घाणा काढतात. तोवर आम्ही आत बोलत बसतो." आणि दाराच्या कडीला हात घालता घालता ते पुन्हा वळले. "आणि राऊळसाहेब, तेवढं लिंबू वेगळं बांधून द्यायला सांगा हां. वर पिळलं ना, की घरी पोचेस्तोवर जवळा मऊ पडतो."